अडतिसाव्या वर्षी एचपीव्हीची लस घेतली त्याचा अनुभव

मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायची म्हणून गंगापूर रोडच्या गायनॅक मॅडमकडे गेले होते, तिथे सहज विचारलं की मला चालेल का, मी अडतीसची. तर म्हणाल्या चालेल की, पण आपल्या पुण्याच्या सिरमची सर्वाव्हॅक ९ ते २६ वयासाठी आहे, तुम्हाला गार्डासिल घ्यावी लागेल, ती बायकांना ४५ पर्यंत देतात. वर स्पष्टच सांगितलं, एचपीव्ही म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो, शरीरसंबंधातून येतो, लग्नाला इतकी वर्षं झालीत म्हणजे त्याचा एखादा प्रकार शरीरात येऊन गेला असेल, आधीच झालेलं इन्फेक्शन लस घालवत नाही, जे प्रकार अजून आले नाहीत त्यांच्यापासूनच वाचवते. त्यामुळे तुमच्या वयात लसीपेक्षा तपासणी महत्त्वाची, ती आधी करून घ्या.

आता तपासणी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा, दोन बाळंतपणं होऊनही! पण खरंच पाच मिनिटांत झालं, ब्रशने आतून थोडा नमुना घेतात, दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं इतकंच, पाळी चालू असताना मात्र जायचं नाही. पॅप स्मिअर (पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही डीएनए (विषाणू आहे का त्याची) दोन्ही एकदमच केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले, आता पुढची पाच वर्षांनी. लस घेतली तरी ही सुटत नाही बरं का, कारण मी घेतलेल्या गार्डासिलमध्ये विषाणूचे ६, ११, १६, १८ एवढेच प्रकार आहेत, त्यातले १६ आणि १८ मिळून या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसना कारणीभूत, बाकीच्यांचं काय?

मग लस. कॅनडा कॉर्नरच्या मेडिकलवाल्याने मागवून दिली, बर्फाच्या पिशवीत घेऊन रिक्षाने तडक दवाखान्यात, कारण ती २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते. दंडात इंजेक्शन, नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कुणाकुणाला चक्कर येते म्हणून. दोन दिवस हात दुखला, बाकी काही नाही. माझे तीन डोस, पहिला, मग दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी, मिळून दहा हजारांच्या वर गेले. हे म्हणाले एवढे पैसे? म्हटलं गाडीच्या सर्व्हिसिंगला विचारता का कधी.

लेक बाराची, तिचं सर्वाव्हॅकच्या दोन डोसमध्ये सहा महिन्यांच्या अंतराने भागलं, आणि स्वस्तातही. सासूबाईंची तपासणी मात्र अजून राहिलीय, साठीच्या आहेत, म्हणतात मला या वयात काय होतंय, मॅडमनी तर पासष्टपर्यंत करा म्हणून सांगितलंय. मोठ्या नणंदबाई दिवाळीला येतायत, त्यांचं त्या ऐकतात, दोघींना एकदमच घेऊन जाणार आहे.