सारिया ते सांतियागो: याकोबाच्या कबरीकडे चालताना

स्पेनमधल्या सांतियागो या गावाच्या नावातच संत आहे. 'सांत' आणि 'इयागो', म्हणजे आपल्या मराठी बायबलातला याकोब. जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, गालील सरोवरावर जाळी टाकणारा कोळी. दोघे भाऊ इतके तापट, की येशूने त्यांना 'गर्जनेचे पुत्र' म्हटलं. इ. स. 44 च्या सुमारास यहूदियाचा राजा हेरोद अग्रिप्पाने याकोबाला तलवारीने मारवलं. येशूच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे मुख्य शिष्यांपैकी, ज्याच्या हौतात्म्याची नोंद बायबलच्या नव्या करारात आहे असा हा एकटाच, आणि ती नोंदही प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12 मधली एक ओळ.

यरुशलेममध्ये मारलेल्या माणसाची कबर स्पेनच्या वायव्य टोकाला कशी? परंपरा सांगते, शिष्यांनी देह नावेतून इरिया फ्लाविया बंदरात, म्हणजे आजच्या पाद्रोनजवळ, आणला. नवव्या शतकात पेलायो नावाच्या तपस्व्याला रानात दिवे दिसले, बिशप तेओदोमिरोने कबर ओळखली आणि राजा दुसरा अल्फोन्सो ओव्हिएदोहून दर्शनाला आला. अस्थी याकोबाच्याच का, याबद्दल इतिहासकारांना आजही शंका आहे. पण तेओदोमिरो दंतकथेतला नाही, हे 1955 साली सांतियागोच्या कथीड्रलखाली (बिशपच्या मुख्य चर्चखाली) त्याचाच थडग्याचा दगड सापडल्यावर पक्कं झालं.

या कबरीकडे जाणाऱ्या यात्रेच्या वाटेला 'कामिनो' म्हणतात. आम्ही तिच्यावरच्या सारिया गावाहून निघालो. तिथून साधारण 115 किलोमीटर, पाच मुक्काम: पोर्तोमारीन 22, पालास दे रेई 25, आर्थुआ 29, ओ पेद्रोउथो 19, शेवटी 20. माद्रिदहून बसने लुगो, तिथून दुसऱ्या बसने सारिया. 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळायला पायी किमान 100 किलोमीटर लागतात (सायकलने 200), म्हणून गर्दी इथूनच सुरू होते. 'क्रेदेन्सियाल' हे शिक्क्यांचं पुस्तक पहिल्याच दिवशी घ्यायचं आणि रोज किमान 2 शिक्के उठवायचे. लोक चुकतात ते इथे: रात्रीच्या मुक्कामाचा एकच शिक्का घेतात. वाटेतलं चर्च, चहा-कॉफीचं दुकान, कुठेही शिक्का मिळतो. दुपारच्या आत एक घेऊन टाकावा.

वाट चुकायची भीती नाही. पिवळे बाण 1984 पासून एलियास वालिन्या या ओ सेब्रेइरोच्या धर्मगुरूने रंगवायला घेतले. गॅलिसियात, म्हणजे स्पेनच्या या वायव्य प्रांतात, त्यांच्या जोडीला शिंपल्याचं चिन्ह आणि उरलेलं अंतर कोरलेले दगड आहेत.

खरा प्रश्न पायांचा. फोड येतो तो ओल, उष्णता आणि घासणं एकत्र आल्यावर. नुसत्या चालण्याने नाही. बूट एक नंबर मोठे हवेत, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात आणि उतारावर अंगठ्याचं नख पुढे आपटून काळं पडतं. पोर्तोमारीनच्या आधीचा उतार त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. सकाळी बोटांमध्ये व्हॅसलीन, आत पातळ मोजा, वर लोकरीचा, आणि दर दोन तासांनी बूट काढून मोजे बदलणं. एखादी जागा नुसती गरम वाटली तरी तिथेच थांबून पट्टी लावावी. 'पुढच्या गावात बघू' म्हणणाऱ्याचा फोड तिसऱ्या दिवशी फुटतो. आर्थुआचा 29 किलोमीटरचा टप्पा नेमका तेव्हाच येतो, सगळा ओढ्यांचा चढउतार. ज्याला शंका आहे त्याने 15 किलोमीटरवरच्या मेलिदेला मुक्काम करावा.

पिशवीचं वजन शरीराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढे जातो, तशी सोय इथेही पैसे देऊन होते: सकाळी पिशवीला चिठ्ठी लावून ठेवायची, गाडी पुढच्या मुक्कामाला नेते. पाऊस मात्र कुठल्याही महिन्यात येतो. खांद्यावरच्या पिशवीसकट झाकणारा पोंचो घ्यावा; छत्री वाऱ्यात उलटते.

'आल्बेर्गे' म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, दुमजली पलंग, रात्री दहाला दिवे बंद. सरकारी आल्बेर्गेत स्वयंपाकघर दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी भांडीच नसतात, तेव्हा एक हलकं पातेलं जवळ असलेलं बरं. शाकाहारी माणसाने गॅलिसियन कालदो सूप जपून घ्यावं: बटाटा, पांढरा घेवडा, पालेभाजी असा थाट दिसतो, पण चव येते ती डुकराच्या चरबीची. त्यापेक्षा बटाट्याचं ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, किंवा तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या. अंडंही चालत नसेल तर पाव, चीज आणि फळं पिशवीत हवीतच.

शेवटच्या दिवशी लाव्हाकोयाचा ओढा लागतो. जुने यात्रेकरू इथे अंग धुऊन पुढे जात. चंद्रभागेची आठवण होतेच. मग मोन्ते दो गोथो, 'आनंदाची टेकडी'. कळस दिसावा तसे कथीड्रलचे मनोरे इथून पहिल्यांदा दिसतात, पण वाटेवरून नव्हे. दोन यात्रेकरूंच्या पुतळ्यांपर्यंत थोडं बाजूला जावं लागतं, आणि बरेच लोक ते चुकवतात.

गावात शिरल्यावर सगळे प्रमाणपत्राच्या रांगेकडे पळतात, नाहीतर 'बोताफुमेइरो' हलणार का ते विचारतात. धुपाचं ते सुमारे 53 किलोचं भांडं ओढायला आठ माणसं लागतात, आणि ते रोज हलत नाही: 25 जुलैचा संताचा सण, असे ठरावीक दिवस, किंवा कुणी देणगी दिली तर. ज्या वर्षी 25 जुलै रविवारी येतो ते पवित्र वर्ष, पुढचं 2027.

कबर मात्र वेदीखाली आहे. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, ती आधी ठेवून यावी. वेदीमागच्या जिन्याने वर जाऊन संताच्या पुतळ्याला मागून मिठी मारायची, मग खाली तळघरात. 1589 मध्ये इंग्रजांच्या भीतीने लपवलेल्या अस्थी 1879 मध्ये पुन्हा सापडल्या, 1884 मध्ये पोप तेराव्या लिओने त्यांना मान्यता दिली. आता त्या चांदीच्या पेटीत आहेत, सोबत अथानासियो आणि तेओदोरो या दोन शिष्यांच्याही. जागा इतकी अरुंद की दुपारच्या मिसानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) मागून ढकलत नेतात. सकाळी लवकर गेलं तर गुडघे टेकायला मिळतात.