माटोळीचे नऊ शब्द

गोव्यात फोंड्यातल्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, तिथे दर शनिवारी संध्याकाळी आमचं वक्तृत्व मंडळ भरतं. टेबलं भिंतीला सरकवली, खुर्च्या गोलात मांडल्या, की सभा सुरू. पद्धत टोस्टमास्टर्सची, म्हणजे सभेत बोलायचा सराव करणाऱ्या मंडळांची. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे सुरू केलेली ही रीत आम्ही मराठीत उतरवली. तयारीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. मग आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं, आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक भाषणाचं मूल्यमापन, दोन ते तीन मिनिटं. भाषानिरीक्षकाचं, म्हणजे बोलणाऱ्यांच्या भाषेतलं खटकणारं टिपून सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं.

दोन वर्षांत आम्ही चोवीसांचे अकरा झालो. अभिप्राय तर दर महिन्याला घेत होतो. ‘सभा कशी वाटली?’ आणि खाली उत्तम, चांगली, साधारण. जवळजवळ सगळ्या खुणा ‘उत्तम’वर. माणसं उत्तम म्हणायची आणि पुढच्या शनिवारपासून दिसायची नाहीत. वाचनालयाच्या समितीने हा उपक्रम माझ्यावर विश्वासाने सोपवला होता; मला हे फार लागलं.

शेवटी प्रश्नच बदलले. सभेत कुठल्या क्षणी उठून जावंसं वाटलं? मागच्या भाषणानंतर तुम्हाला उपयोगी पडेल असं कोणी काय सांगितलं? मैत्रिणीला सोबत आणाल का, आणि नसाल आणणार तर का? हे कागद मी मंडळ सोडलेल्यांनाही दिले. पुस्तक बदलायला ती माणसं येतच होती. नाव लिहायचं नव्हतं, पण एवढ्या थोड्या माणसांत अक्षर म्हणजे सहीच. म्हणून मंडळाशी संबंध नसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला विनंती केली. त्यांनी सगळी उत्तरं एका वहीत उतरवली आणि मूळ कागद फाडून टाकले. कुठल्याही मंडळाला मी हे आधी करायला सांगेन.

आषाढातला शनिवार. पत्र्यावर पाऊस एवढा कोसळत होता की त्या शिक्षिकाबाईंना सभेत वही वाचताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

पहिलंच उत्तर असं: ‘माझी बस सव्वासातला. मूल्यमापन सातनंतर. चार भाषणं केली, एकाबद्दलही कोण काय म्हणालं ते मला ठाऊक नाही.’ अशा अर्थाची आणखी चार उत्तरं होती. सावईवेरे, केरी, बोरी, मडकई इथून येणाऱ्यांची ती असणार. अंधार पडला की गोव्यात गावाकडच्या बसेस किती विरळ होतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. मी स्कूटरने घरी जाते. अर्धी खोली लवकर रिकामी होते हे मी बघत होते आणि त्यांना घाई असते एवढंच धरून चालले होते. ज्या मूल्यमापनासाठी मंडळ, तेच त्यांच्या वाट्याला येत नव्हतं.

मग बाईंनी पान उलटलं. ‘मी माटोळीवर बोलले. मला नऊ कोकणी शब्द मिळाले. माटोळीबद्दल कोणी काहीच बोललं नाही.’

नाव नसलं तरी मला कळलं. सावईवेऱ्याकडच्या, कुळागर म्हणजे पोफळीची बाग सांभाळणाऱ्या त्या आजी. त्या दिवशी मुलगा न्यायला येणार म्हणून मुद्दाम शेवटपर्यंत थांबल्या होत्या. चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी, म्हणजे रानातल्या फळापानांच्या त्या छतासाठी, लहानपणी रानातून काय काय गोळा करायच्या, ते त्यांनी सांगितलं होतं. मी माझी जुनी नोंदवही काढली. फाल्यां, वयर, सकयल, हाडलें... माझ्याच अक्षरात नऊ शब्द, खाली रेघ. भाषणातलं दुसरं काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि मलाही दुसरं काही आठवेना.

आमच्याकडच्या कितीतरी घरांत बोलणं कोकणीत, पेपर मराठी, भजन मराठीत. १९८७च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळालं, त्यावरून किती वाद झाले ते मी घरात ऐकत वाढले. पण आजींच्या तोंडात दोन्ही भाषा एकमेकींना कधी आडव्या आल्या नव्हत्या. त्या आडव्या आणल्या माझ्या यादीने.

चर्चेत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “पण बाई, हे मराठी मंडळ आहे. भाषा सुधारायला नको?” त्यांचं खोटं नव्हतं. बराच वेळ बोलून ठरलं ते असं: श्रोत्यांना जे समजलं नाही तेवढंच भाषानिरीक्षकाने सांगायचं, आणि नेमका वापरलेला एक शब्द सगळ्यांसमोर वाचायचा, मग तो कुठलाही असो. मूल्यमापन भाषण संपल्यासंपल्या. आयत्या वेळचे विषय शेवटी.

आजी पुस्तक बदलायला आल्या तेव्हा मी काउंटरबाहेर येऊन त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “पळोवया गो.” बघूया गं.

चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी त्या आल्या. कुळागराला पाटाचं पाणी कसं वळवतात यावर बोलल्या. लाल कार्ड वर गेलं तेव्हा पाणी अजून पोफळींपर्यंत पोचलं नव्हतं. मूल्यमापन करणारी मुलगी कॉलेजातली. ती आधी नुसतं कौतुकच करत राहिली.

“तें जालें,” आजी म्हणाल्या. “आतां म्हजी चूक सांग.”

मुलीने श्वास घेतला आणि सांगितलं: सुरुवातीचं वर्णन सुरेख, पण तीन भाषणांचा मजकूर एकात कोंबलाय, म्हणून शेवटच राहून गेला. आजींनी पिशवीतून वही काढली, ते लिहून घेतलं, मला दाखवून अक्षर नीट आहे ना विचारलं, आणि बससाठी उठल्या. सव्वासातला अजून वीस मिनिटं होती.