ऐरोलीच्या खाडीतला विटकरी पाहुणा
सगळी बोट फ्लेमिंगोंवर मोबाईल रोखून उभी, माझी दुर्बीण मात्र चिखलावर. तिथे मैनेपेक्षाही लहान, चिखलात चरणारा पक्षी: कर्ल्यू सँडपायपर. डिसेंबरात हाच मळकट राखाडी होता, ढुंकूनही पाहू नये असा. आज एप्रिलात पोट विटकरी लाल! अजून पुरता रंगलेला नाही, मधेमधे पांढरं, घाईत डिस्टेंपर मारल्यासारखं. वाकडी चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी टकाटक चिखलात. चरबी साठवायलाच हवी, अंडी घालायला थेट सायबेरियाचा टुंड्रा गाठायचाय.

शेजारच्या काकूंना दुर्बीण दिली.

"अगंबाई, एवढुसा जीव आणि रशियाला? आमचा मुलगा वाशीहून ठाण्याला यायला कुरकुरतो!"

भरती चढली, चिखल बुडाला, थवा उठला. दुर्बीण जेट्टी येईपर्यंत काही परत मिळाली नाही.