मे महिन्यातली कानटोपी

मे महिन्याच्या भर दुपारी मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसणारी बाई अख्ख्या नागपुरात एकच असावी, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत आहे. बाहेर पारा पंचेचाळीसवर, कूलरच्या नव्या ताट्यांचा ओला वास घरभर, आणि मी कानटोपी विणतेय. "पाहणाऱ्याले घाम सुटते बाप्पा," असं म्हणून त्या दुसऱ्या खोलीत जाऊन पडतात.

पण करणार काय? आमची थंडी डिसेंबरात येते आणि संक्रांतीचे तीळगूळ संपेस्तोवर निघूनही जाते. दिवाळीनंतर सुया हातात घेतल्या, तर टोपी पुरी होईतो लोक उसाच्या रसाला लागलेले असतात.

उन्हाळ्यातल्या विणकामाची एक खोड मात्र मला फार उशिरा कळली. ॲक्रिलिकचा धागा घामेजल्या बोटांवरून सरकत नाही, अडतो. मग आपण नकळत तो ओढतो आणि टाके घट्ट बसतात. त्याच सुया, तीच लोकर, पण जानेवारीत दहा सेंटीमीटरात माझे २० टाके बसतात आणि मे महिन्यात २२. दोनच टाके, त्यात काय? तर ९६ टाक्यांची टोपी ४८ सेंटीमीटरची व्हायची ती ४४ च्याही आत येते. नवऱ्यासाठी विणलेली अशी एक टोपी शेवटी भाच्याला गेली. आता मी हाताला पावडर लावून बसते, किंवा सरळ एक नंबर जाड सुई घेते.

नंबरावरून आठवलं. मामीनं दिलेल्या चहापत्तीच्या डब्यात जुन्या सुया आहेत, टोकाला नंबर कोरलेल्या. मोबाइलवरच्या नमुन्यात '४' लिहिलेलं दिसलं, मी डब्यातली ४ नंबरची जोडी काढली. नमुन्यातले ते ४ मिलिमीटर होते. जुन्या मापात ४ मिलिमीटर म्हणजे ८ नंबर, आणि ४ नंबर म्हणजे चांगली ६ मिलिमीटरची जाडजूड सुई. नंबर वाढला की सुई बारीक होते, हा उलटा हिशेब मला कोणी सांगितलाच नव्हता. ती टोपी माठाला झाली असती. अख्खी उसवली.

उसवायचं दुःख क्रोशात कमी, म्हणून हल्ली सुयांपेक्षा आकडाच जास्त हातात असतो. एका वेळी एकच टाका आकड्यावर, सुटला तरी बाकीचे धावत नाहीत. टोपी माथ्यापासून सुरू करायची. पहिल्या फेरीत १२ खांब (म्हणजे क्रोशाचे उभे उंच टाके), दुसरीत २४, तिसरीत ३६, म्हणजे दर फेरीला १२ वाढवायचे. जास्त वाढवले की कडेला झालर पडते, कमी पडले की वाटी होते. वाटी तर व्हायलाच हवी, पण कधी? डोक्याचा घेर भागिले सव्वातीन. ५४ चं डोकं असेल तर माथ्याची चकती साडेसोळा सेंटीमीटर व्यासाची झाली की वाढवणं थांबवायचं, मग कडा आपोआप खाली वळते. सव्वातीनऐवजी अचूक ३.१४ नं भागलं तर चकती सतराच्या वर जाते आणि टोपी भुवयांवर घसरते. लोकर ताणते, तेवढी चोरी ठेवावीच लागते.

(बाळासाठी म्हटलं की प्रत्येकाला हिरव्या पानाची संत्रा-टोपीच हवी असते. सात केल्या. आता नाही म्हणते. नागपूरच्या बाळाला निळी टोपी चालते.)

माझ्या टोप्यांना खरा भाव आला तो २९ डिसेंबर २०१८ ला. त्या दिवशी नागपूरचं तापमान ३.५ वर उतरलं होतं. एरवी "ठेव, घालू नंतर" म्हणणाऱ्या सगळ्यांनी कपाट उपसलं. सासूबाईंनी जांभळी कानटोपी घातली, वरून पदर घेतला आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "मापात झाली." पूर्ण वर्षाची मजुरी मिळाली.

गोकुळपेठच्या बाजारात एक भाजीवाले काका आहेत. पहाटे माल घ्यायला जातात म्हणून मागच्या हिवाळ्यात त्यांना एक राखाडी टोपी दिली. कानावर पट्ट्या, पट्ट्यांना वळलेल्या दोऱ्या, कडेला पाच फेऱ्या मुक्या खांबांच्या, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्यांच्या. पुढच्या रविवारी मी गेले तर काकांच्या डोक्याला नेहमीचा गमछा. टोपी तराजूशेजारी उलटी ठेवलेली, आत दहा-पाचची नाणी. कानाच्या दोऱ्या एकत्र बांधून खिळ्याला अडकवायची सोय केलेली.

मी टोपीकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"डोक्यात लय गरम होते ताई," ते म्हणाले. "पण चिल्लर मस्त राहते हिच्यात. भोक नाही पडत."

मेथीच्या दोन जुड्या पिशवीत घालता घालता पुढे म्हणाले, "अजून एक करून द्या न. नोटांसाठी. वरून बंद होईन अशी."

घरी येऊन चकती सुरू केली. १२, २४, ३६. वरून नाडी ओवायला शेवटच्या फेरीत दोन खांब सोडून भोकासाठी एकेक साखळी घ्यावी लागेल. डोक्याचा घेर विचारायचा प्रश्नच नव्हता, नोटेची लांबी मोजली.