पोस्ट चार, बारा वाजून सहा मिनिटे

मोटारींच्या चढावरच्या शर्यतीत, रस्ता निसरडा आहे असे सांगणारा लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा मी त्या दिवशी तीन गाड्यांना दाखवला आणि चौथीला दाखवला नाही. त्यात नियमाबाहेरचे काही नव्हते. शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा मी दिलेले उत्तरही खरे होते. तरीही त्या आठ मिनिटांचा हिशेब मला अजून लागलेला नाही, म्हणून तो लिहून पाहतो आहे.

ठिकाण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईच्या पुढचा एक चढ. लांबी एक किलोमीटर आठशे मीटर, वळणे अकरा, एका अंगाला जांभ्या दगडाचा कापलेला बांध आणि दुसऱ्या अंगाला काजूची उतरती बाग. चढावरच्या शर्यतीत गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. एका वेळी एकच गाडी सुटते, वर पोचते, आणि तशी खबर वायरलेसवरून आल्याशिवाय दुसरी सोडली जात नाही. पाहणाऱ्यांना वाटते की हिरवा दिवा लागला की घड्याळ सुरू झाले. तसे नसते. दिवा म्हणजे केवळ परवानगी. चालकाने मन स्थिर करून हवे तेव्हा निघावे, आणि गाडीने प्रकाशकिरण तोडला की त्या क्षणापासून वेळ मोजली जाते. चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावलेला असतो आणि गाडी पुढे गेली की तो तिथेच उरतो. आमच्याकडे प्रत्येकाला दोन धावा मिळतात व त्यांतली चांगली धरली जाते.

मी अकरा वर्षे मार्शल आहे, म्हणजे वळणावरच्या पोस्टवरून चालकांना झेंडे दाखवतो, आणि त्यांतली सहा वर्षे पोस्टचा प्रमुख. मार्शल अख्खी शर्यत कधीच पाहत नाही. पहाटे पाचला आम्हाला जीपमधून आपापल्या वळणावर सोडतात आणि रस्ता उघडेपर्यंत तेच एक वळण आमचे जग असते. गाडी दिसण्याआधी ऐकू येते. तीन वळणे खाली असतानाच चालकाने गियर कुठे बदलला, अॅक्सिलरेटरवरचा पाय कुठे काढला, इंजिन कुठे घुटमळले, हे कानाला कळते, आणि काही वर्षांनी कोणती गाडी नीट येणार व कोणती भिरभिरत येणार याचा अंदाज आवाजावरूनच बांधता येतो. कोण जिंकले हे आम्हाला संध्याकाळी समजते. पातळ भाजी आणि उंडे (गोव्याचे पाव) मधल्या सुट्टीत जीपमधून येतात, तोवर जवळचे पाणी पुरवायचे.

लोकांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वळणाच्या बाहेरच्या कडेला उभे राहू नका, हे दर वेळी घसा फुटेस्तोवर सांगूनही माणसे तिथेच जातात, कारण तिथून मोबाइलवर चित्रीकरण चांगले होते. सुटलेली गाडी बाहेरच्याच अंगाला जाते, हे सायकल चालवणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. त्या दिवशी सकाळचा पहिला तास मी झेंड्यापेक्षा दोरी धरण्यातच घालवला.

पोस्ट चार म्हणजे डावीकडचे लांब वळण. गाड्या तिथे ताशी सुमारे सत्तर किलोमीटरने येतात. या वळणावर बांधाच्या वरून काजूची एक जुनी फांदी रस्त्यावर आलेली आहे. मार्च महिना होता, काजूची फळे म्हणजे बोंडू पिकले होते, आणि वाऱ्यापेक्षा माकडांची भीती जास्त होती. बिया सोडून बोंडू खाणे हा त्यांचा उद्योग. अर्धे खातात, अर्धे टाकतात. दुसऱ्या धावेला सव्वीस क्रमांकाची गाडी येण्याच्या बेतात असताना त्यांनी फांदी हलवली आणि दहा-बारा बोंडू थेट गाड्यांच्या मार्गावर पडले. उचलायला वेळ नव्हता. मी धोक्याचा पिवळा झेंडा हलवला, चालकाने वेग कमी केला, पण चाके त्यांवरून गेलीच आणि रस्त्यावर रसाचा तीन-चार मीटरांचा पट्टा उमटला.

इथे थोडे तपशिलात जातो, कारण फोंड्याला माझे चाकांच्या अलाइनमेंटचे दुकान आहे आणि टायर व रस्ता यांचा संबंध हाच माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. रस्त्यावर तेल सांडले तर सिमेंट टाकावे, ते तेल शोषते, मग खराट्याने झाडून काढावे. बोंडूच्या रसाला हा उपाय लागू पडत नाही. माती टाकली तर तिचाच चिखल होतो, वाळू टाकली तर टायरखाली गोट्या टाकल्यासारखे होते. रस ओला असतो तेव्हा बुळबुळीत, आणि साखरेमुळे सुकताना चिकट होतो. मार्चच्या उन्हात ओल्यापासून चिकटापर्यंतचा हा प्रवास काही मिनिटांत उरकतो. त्यातच एखादी बी चिरडली गेली असेल तर टरफलातले तेल वेगळेच. हेच तेल प्रक्रिया करून ब्रेकच्या लायनिंगमध्ये वापरतात, घर्षण टिकावे म्हणून; पण कच्चे तेल डांबरावर पडले तर ते साधे तेलच. शिवाय चढावर गाडीचे वजन मागे सरकते, आणि आमच्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचेही आणि वळवायचेही, तीच हलकी झालेली असतात. वळणाच्या मध्यावर त्यांच्याखाली ओला पट्टा आला की गाडी सरळ बाहेर जाते, आणि बाहेर कोण उभे असते ते वर लिहिलेच आहे.

रस्ता म्हणजेच चढ, असे मी नव्या मार्शलांना सांगतो. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शला १९०५ साली पहिली शर्यत झाली आणि आजही गाड्या तिथल्याच हजार यार्डांवर धावतात. अमेरिकेतल्या पाइक्स पीकची शर्यत १९१६ ची, १५६ वळणांची, ४३०२ मीटर उंचीवर संपणारी. तो रस्ता कित्येक दशके खडीमातीचा होता, आणि संपूर्ण डांबरावरची पहिली शर्यत २०१२ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी सेबास्तियन लोब ८ मिनिटे १३.८७८ सेकंदांत वर पोचला. त्याच्या दोन वर्षे आधी तिथे पहिल्यांदाच कोणी दहा मिनिटांच्या आत आला होता. लोबची गाडी असामान्य होती हे खरे, पण तिच्याखाली डांबर होते हेही तितकेच खरे.

आम्ही तिघांनी बोंडू उचलले, फावड्याने चोथा खरवडला, गोणपाट दाबून रस टिपला. इतक्यात नियंत्रण कक्षातून विचारणा आली, “पोस्ट चार, पुढची गाडी घ्यायची का?” सकाळी एका गाडीचा क्लच गेल्यामुळे वीस मिनिटे वाया गेली होती आणि दीड वाजता रस्ता गावाला मोकळा करून द्यायचा होता, त्यामुळे त्या आवाजात प्रश्नापेक्षा घाई जास्त होती. वेळापत्रक सांभाळणारी माणसे वाईट नसतात, पण घड्याळ हातात आले की त्यांना रस्ता दिसेनासा होतो, हे माझे अकरा वर्षांचे मत आहे. मी “पाच मिनिटे थांबा” असे म्हणू शकत होतो. पोस्टप्रमुखाला तो अधिकार आहे. मी म्हणालो, “घ्या, निसरड्याचा झेंडा दाखवतो.”

पुढची गाडी सत्तावीस क्रमांकाची, जुनी मारुती एस्टीम. तिचा चालक माझ्या दुकानात सहा वर्षे काम शिकला आहे. इंजिनाला हात लावण्याआधी कान लावायचा हे मी त्याला शिकवले, आणि ती गाडी त्याने माझ्याच शेडमध्ये, रात्री दुकान बंद झाल्यावर, एकेक भाग जमवून उभी केली. आदल्या दिवशी त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली होती, “मेस्ता, पोरावर जरा नजर असू द्या.” स्पर्धक ओळखीचा असेल तर अधिकाऱ्यांना सांगावे, असा संकेत आहे. गोव्यात हा संकेत पाळायचा झाला तर एकाही पोस्टवर माणूस उरणार नाही, असे आम्ही सगळेच म्हणतो, आणि मीही कोणाला काही सांगितले नव्हते.

बारा वाजून सहा मिनिटांनी तो आला. तिसऱ्या वळणातून बाहेर पडतानाचा आवाज भरदार होता, माझ्यासमोर येताना त्याने पाय काढला, पट्ट्यावरून गाडी किंचित बाहेर सरकली, सावरली आणि गेली. त्यानंतर अठ्ठावीस व एकोणतीस या गाड्यांनाही मी झेंडा दाखवला. तीस क्रमांकाने माघार घेतली होती. एकोणतीस गेल्यावर मी रस्त्यावर तळहात टेकवला, मग बुटाचा तळ दाबून फिरवला. हात कोरडा, थोडा चिकट. रस्ता सुकला होता. मी तसे कळवले, झेंडा गुंडाळला, आणि बारा वाजून चौदा मिनिटांनी एकतीस क्रमांकाची गाडी झेंड्याविना पूर्ण वेगाने गेली.

संध्याकाळी निकाल लागला. सत्तावीसची चांगली धाव पहिलीच, १ मिनिट ३१.६४ सेकंद, दुसरी १ मिनिट ३१.८८. एकतीसची दुसरी धाव १ मिनिट ३१.४२. फरक ०.२२ सेकंदाचा. ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाला हे सव्वाचार मीटर होतात, म्हणजे जवळजवळ एस्टीमच्या स्वतःच्या लांबीइतके. चालकाचा पाय माझ्या झेंड्यासमोर निघाला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या मित्रांनी तिथल्या तिथे, मोठ्या आवाजात विचारला. तात्पुरता निकाल लागल्यापासून तीस मिनिटांत हरकत नोंदवता येते. मित्र त्यासाठी पैसे गोळा करू लागले होते. त्याने त्यांना थांबवले.

तरीही अधिकाऱ्यांनी मला बोलावून विचारले. मी सांगितले, रस्ता निसरडा होता म्हणून झेंडा दाखवला, सुकल्यावर काढला. त्यांनी नोंदवहीत वेळा तपासल्या आणि ते समाधानी झाले. बंद ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी नियमपुस्तकात या झेंड्याचे मोजमाप आहे: रस्ता आधीच पूर्ववत झाला नाही तर किमान चार फेऱ्या तो दाखवावा. चढाला फेऱ्या नसतात. प्रत्येक चालक त्या वळणावर एकदाच येतो, आणि त्याला कोणता रस्ता मिळाला हे पोस्टवरच्या माणसाच्या तळहातावर ठरते. याविषयी मी अधिकाऱ्यांकडे पूर्वीही बोललो आहे.

परतीच्या जीपमध्ये माझ्या पोस्टवरची डिचोलीची मुलगी माझ्याजवळ बसली होती. कॉलेजात शिकते, हे तिचे दुसरेच वर्ष, आणि तिच्याइतकी नजर मी जुन्या मार्शलांतही फार थोड्यांत पाहिली आहे. ती हळूच म्हणाली, “काका, अठ्ठावीस आणि एकोणतीसला तुम्ही झेंडा स्थिर धरला होता. सत्तावीसला हलवत होता.”

निसरड्याचा झेंडा स्थिर धरायचा असतो. हलवलेला झेंडा चालकाला अधिक मोठा धोका सांगतो, आणि चांगला चालक त्यानुसार पाय अधिक काढतो. मला हलवल्याचे आठवत नाही. पण ती चुकत नाही हेही मला ठाऊक आहे. नोंदवहीत झेंड्याचा रंग आणि वेळ लिहितात, तो हलत होता की नाही हे लिहीत नाहीत, त्यामुळे अधिकाऱ्यांना ते विचारण्याचे कारण नव्हते आणि मला ते सांगण्याची आठवण झाली नाही. पहिली गाडी होती, रस जास्त ओला होता, म्हणून हात हलला, असे म्हणता येते. ते कदाचित खरेही आहे. पण रस पडल्यावर सत्तावीसच्या जागी एकतीस पहिली आली असती तर माझा हात हलला असता का, याचे उत्तर मी अजून प्रामाणिकपणे देऊ शकलेलो नाही. आणि त्याहून मागे गेलो तर मूळ चूक झेंड्याची नाहीच. मी पाच मिनिटे मागून घेतली असती तर दोघांनाही एकच रस्ता मिळाला असता.

सोमवारी तो दुकानात आला, पुढचे डावे चाक दाखवायला. काचेला लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण त्याने फोनवर आणले होते. आम्ही दोघांनी ते पाहिले. झेंडा हलताना दिसतो. त्याने तिथे थांबवले नाही. मागे नेऊन दुसरे वळण दाखवले, जिथे त्याचा तिसरा गियर पहिल्या झटक्यात पडला नाही. “वेळ इथे गेली, मेस्ता,” तो म्हणाला. मी आवाज दोनदा ऐकला. गियर अडकला आहे हे खरे आहे. पाव सेकंद त्यात गेला असेल की नाही, हे कानाने सांगणे मलाही कठीण आहे, आणि त्याने ते माझ्यासाठी म्हटले की त्याला तसे खरोखर वाटते, हे मी विचारले नाही. गाडी यंत्रावर घेतली, चाक दोन मिलिमीटर बाहेर गेले होते, ते जुळवून दिले.

त्याच रात्री मी अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. माझ्या जबाबात सत्तावीसला झेंडा हलवल्याचा उल्लेख राहिला होता, तो त्यात जोडला, चालक माझ्या दुकानात शिकलेला आहे हे लिहिले, आणि नोंदवहीत झेंडा स्थिर की हलता यासाठी वेगळा रकाना असावा अशी विनंती केली. निकाल बदलणार नाही हे मला माहीत आहे. राहता राहिली ती फांदी. बागायतदाराशी बोललो, तो म्हणाला, हंगाम संपल्याशिवाय कोयता लावू देणार नाही, पावसाच्या तोंडावर या. त्याचे म्हणणे रास्त आहे. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात जाणार आहे.