पंख आहेत, मग उडून का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पक्ष्यांवर कुठेही बोलले की कुणीतरी म्हणतंच, "जंगल तुटलं तर पक्षी दुसरीकडे जातील की, पंख आहेत त्यांना!" घारी-बगळे बघत वाढलेल्या माणसाला तसं वाटणारच. माझं उत्तर मात्र पनामात आहे.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गाटुन तलाव भरला आणि 1914 च्या सुमारास एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोरॅडो. 1923 पासून ते राखीव आहे. म्हणजे तिथे कुऱ्हाड चालली नाही, तरी पक्ष्यांच्या कितीतरी जाती तिथून नाहीशा झाल्या.

त्यातला माझा लाडका ऑसेलेटेड अँटबर्ड. वजन जेमतेम 50 ग्रॅम, डोळ्याभोवती उघडी निळी कातडी, अंगावर खवल्यांची नक्षी. लष्करी मुंग्यांच्या मागे फिरणं हाच त्याचा धंदा. मुंग्या खात नाही हं, पुढचा प्रश्न तोच असतो! लाखो मुंग्यांची फौज पाचोळ्यातून निघाली की झुरळं, नाकतोडे, कोळी जीव घेऊन पळतात. हा वरून झडप घालून त्यांना टिपतो. फौजेच्या तोंडाशी जागा याची, लहान अँटबर्डांनी कडेला राहायचं. पण मुंग्या दोनेक आठवडे रोज मुक्काम हलवतात आणि मग तीनेक आठवडे एका जागी बसतात, तेव्हा लुटीला कमीच निघतात. मग दुसरी टोळी कुठे आहे ते ठाऊक हवं. त्यासाठी जंगल ऐसपैस लागतं.

बेट साधारण 15 चौरस किलोमीटरचं. पक्षी-अभ्यासक एडविन विलिस यांनी 1960 नंतर तिथल्या अँटबर्डांचा वर्षानुवर्षं माग ठेवला, आणि त्यांच्या देखत हा पक्षी घटत गेला. 1970 च्या आसपास संपलाच.

समोरचा किनारा काही ठिकाणी काही शे मीटरच दूर. तिकडून नवे का आले नाहीत? 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिथल्या जंगलपक्ष्यांना होडीतून तलावावर सोडलं होतं. काही जातींना 100 मीटरही पार करता आले नाहीत. दाट झाडीत या फांदीवरून त्या फांदीवर जाणाऱ्यांना उघड्यावर लांब उडायची सवयच नसते.

मुख्य भूमीवर, पाइपलाइन रोडच्या जंगलात, तो अजून दिसतो. जाणार असाल तर आधी मुंग्या शोधा. आणि पँट मोज्यात खोचा, त्या चावतात फार.