तिसऱ्या, कांदा आणि भोंगा

दाभोळच्या जेटीवर माझी बोट चुकली ती तिसऱ्यांपायी, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांपायी. दापोलीहून एसटीने उतरले तेव्हा धोपाव्याची फेरीबोट लागलेली होती. दोन टेम्पो आणि वऱ्हाडाची एक गाडी अजून चढायची होती. म्हणजे पाच मिनिटं नक्की आहेत, असा हिशेब करून मी टोपलीवाल्या मावशींपुढे बसकण मारली. वाटा शंभरला. मी ऐंशी म्हटलं. मावशींनी माझ्याकडे न बघता आणखी पाच-सहा तिसऱ्या वाट्यावर टाकल्या आणि शंभरच म्हणाल्या. एवढ्यात भोंगा झाला. सुटे पैसे, पिशवीची गाठ, खांद्यावरून घसरणारी ओढणी... वर बघते तर फाळका उचललेला आणि मधे चार हात पाणी. बोट चुकायला चार हात काय आणि चाळीस हात काय, सारखंच. पण चार हातांचं जास्त लागतं.

बोटीचं एवढं काही नव्हतं, पुढची येतेच. लागलं ते वेगळ्याच कारणाने. दुसऱ्या दिवशी तत्त्वज्ञानाचा पेपर होता, आणि एपिक्टेटस नावाच्या ग्रीक मास्तरांनी नेमकं हेच १९०० वर्षांपूर्वी बजावून ठेवलं होतं. ‘एन्खिरिडिऑन’ म्हणजे हाताशी ठेवायची पुस्तिका. तिच्या सातव्या कलमात ते म्हणतात, गलबत बंदराला लागलंय, तू पाणी भरायला उतरलास, तर वाटेत एखादी शिंपली वेच, एखादा कांदा उपट, हरकत नाही. पण ध्यान गलबताकडे असू दे. सारखा मागे वळून बघ. तांडेलाची हाक आली की सगळं टाकून धाव, नाहीतर मेंढरासारखा बांधून आत टाकतील.

वर्गात सर हे शिकवत होते तेव्हा गलबत म्हणजे काय नि तांडेल कोण, यावर बराच वेळ चर्चा चालली होती. मागच्या बाकावरच्या आम्ही तिघी मात्र शिंपल्या आणि कांदा इथेच अडकलो होतो. आता फक्त ओलं खोबरं हवं!

त्याच तासाला कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. एपिक्टेटसने स्वतः काहीच लिहिलेलं नाही. त्यांचं बोलणं आरियन नावाच्या विद्यार्थ्याने उतरवून ठेवलं. म्हणजे आज सगळं जग वाचतं त्या एका पोराच्या नोट्स आहेत. आमच्याही वर्गात नोट्स एकीच्याच असतात, बाकी सगळ्या झेरॉक्स.

खरं सांगायचं तर तत्त्वज्ञान मी हौसेने घेतलं नव्हतं. अर्थशास्त्रात आकडेमोड असते असं ऐकलं, म्हणून घेतलं. पण सरांनी एका शब्दात ग्रीकांना आमच्यात आणून बसवलं. झेनो हा सायप्रसचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल भरलेलं त्याचं गलबत अथेन्सच्या पिरेयस बंदराजवळ फुटलं, अशी कथा आहे. हा गावात येऊन एका पुस्तकवाल्याकडे टेकला, तिथे सॉक्रेटिसबद्दलचं वाचन कानावर पडलं आणि व्यापार सुटला तो सुटलाच. पुढे इ.स.पू. ३००च्या सुमारास तो बाजारालगतच्या एका लांबलचक, खांबांच्या ओसरीत शिकवू लागला. तिला ग्रीकमध्ये ‘स्टोआ’ म्हणत, त्यावरून त्याच्या पंथाचे ते स्टोइक. आपले एपिक्टेटस त्यांच्यातलेच. “म्हणजे पडवीवाले,” सर म्हणाले. त्यांच्या पडवीत मॅरेथॉनच्या लढाईचं चित्र होतं. आमच्या पडवीत कॅलेंडर, नारळाची रास आणि झोपाळ्यावर आजोबा.

आजोबांकडे मी त्या दिवसापासून जरा आदराने बघायला लागले. मोहोर करपला, वीज दोन दिवस गेली, मुंबईच्या काकांचं येणं रद्द झालं, तरी त्यांच्या अडकित्त्याची लय बदलत नाही. “पावसाला कोण विचारणार?” म्हणतात नि सुपारी तोंडात टाकतात.

एपिक्टेटसचं पहिलंच वाक्य आहे, काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. जन्माने गुलाम आणि पायाने अधू असलेल्या माणसाने हे कमावलेलं होतं. मी फुकटात उचललं. एसटी उशिरा आली, हातात नाही. नेटवर्क गेलं, हातात नाही. पहिल्या सेमिस्टरला केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तेव्हा मी आईला शांतपणे सांगितलं, “निकाल आपल्या हातात नसतो.” आई भाकरी थापता थापता म्हणाली, “पुस्तक तरी होतं का हातात?”

ॲरिस्टॉटलचंही मी असंच वाटोळं केलं. दहा तास अभ्यास म्हणजे अति, दोन तास म्हणजे कमी, तेव्हा सहा तास, असा त्याचा सुवर्णमध्य वहीवर काढून ठेवला. नंतर बघते तर त्याने नेमका हाच हिशेब चुकीचा ठरवलेला! दहा मिना (हे ग्रीकांचं वजनाचं माप) खाणं जास्त आणि दोन मिना कमी म्हणून तालमीतला वस्ताद सरसकट सहा वाढत नाही. मायलो पहिलवानाला सहा कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. मी नवशिकी आहे, असं म्हणून चार तासांवर आले. सुवर्णमध्य हा खालच्या दिशेने घसरणारा पदार्थ आहे, हे माझं स्वतःचं संशोधन.

आजोबांचा झोपाळाही मी अर्धाच बघत होते. पावसाला विचारत नाहीत हे खरं, पण कलमांची फवारणी त्यांनी एक दिवस पुढे ढकललेली मला आठवत नाही.

जेटीवर पाऊण तास बसले. पिशवीतलं खारं पाणी नोट्सवर गळत होतं. सातव्या कलमाचं शेवटचं वाक्य तेव्हा आठवलं, जे परीक्षेला कधी विचारत नाहीत: म्हातारा असशील तर गलबतापासून लांब जाऊच नकोस. आमचे आजोबा दाभोळला औषधं आणायला येतात तेव्हा चारच्या बोटीसाठी तीनपासून जेटीवर बसलेले असतात. आम्ही सगळे त्यांना हसतो.

त्या दिवशीही ते आलेले होते. चार हात पाण्याच्या पलीकडे, कठड्याला टेकून, माझ्याकडे बघून छत्री हलवत होते.

घरी पोचले तर आजी विळी घेऊन तयारच बसली होती. शेजारी ताटलीत बारीक चिरलेला कांदा, वाटीत खवलेलं खोबरं.

“बोटीवरनं पिशवी दिसली,” झोपाळ्यावरून आजोबा म्हणाले. “केवढ्याला दिला वाटा?”